हिरव्या सुतळीचा क्रेट

मित्रांनो, मी प्लास्टिकचा एक जुना क्रेट आहे आणि माझ्या झाकणाखाली आजवर किती माना चिरडल्या, ते मला सांगता येणार नाही. पहिल्याच वाक्यात असं बोलणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या वस्तू सहसा आधी आपली चमक सांगतात, मग धूळ सांगतात आणि मग तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. छत्रीनं तेच केलं, फळ्यानं तेच केलं, मोडक्या सायकलीनं तर दोन पानं केलं. त्यांचं बरं होतं. फळ्यानं कुणाचा पाय मोडला नव्हता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आमच्या घराण्यात आई नसते, साचा असतो. प्लास्टिक वितळतं, यंत्र एकदा दातओठ खातं आणि मूल बाहेर पडतं. एका दुपारी आम्ही दोनशेच्या वर भावंडं जन्मलो. सगळ्यांची तोंडं सारखी, म्हणून अंगावर आकडे टाकले. मी दोनशे सतरा. रंग लाल. मला वाटलं, आपण उठून दिसावं म्हणून लाल केलं असेल. पहिल्याच खेपेला खरं कारण कळलं. लालावर काही उठून दिसत नाही.

माझ्या चारी बाजूंना जाळी, तळाला जाळी, माथ्यावर जाळी आणि माथ्याच्या मधोमध बिजागरीवर उघडणारं एक झाकण. मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या शेडातून कत्तलखान्यात नेणं हे माझं काम. गाडीत आम्ही आठ-आठ एकावर एक उभे असतो. वरच्याला ऊन, खालच्याला वरच्या सातांची घाण. मधल्यांना दोन्ही कमी, पण त्यांना हवा नसते. बाहेरून बघणाऱ्याला ती थप्पी फार सुबक दिसते. माझ्या अंगावर कारखान्यानं ठळक छापलंय, ‘जास्तीत जास्त बारा’. अक्षरं बाहेरच्या अंगाला आहेत. ती बाहेरच्यांना वाचता येतात, पण बाहेरच्यांना घाई असते. माझ्यात चौदा भरायचे, कधी पंधरा.

आता या पक्ष्यांबद्दल थोडं सांगतो, कारण तुम्ही त्यांना बहुतेक वेळा तुकड्यांतच भेटलेले असता. हा पक्षी चाळीस दिवसांत विकायला तयार होतो. तुम्ही चाळीस दिवसांचे होतात तेव्हा तुम्हाला स्वतःची मान सावरता येत नव्हती. याची छाती मात्र चाळीस दिवसांत पैलवानासारखी होते. पाय बिचारे चाळीस दिवसांचेच राहतात. मग तो चार पावलं चालतो आणि बसतो. बसतो तो ओल्या घाणीवर. त्या घाणीचा वास डोळ्यांत जातो, आणि तिचा दाह पायाच्या सांध्यावर काळा डाग पाडतो. असे हजारो पक्षी एका शेडात, खांद्याला खांदा लावून. सभा भरल्यासारखी वाटते, फक्त सभेतून उठून जाता येत नाही.

भरायच्या दिवशी शेडाचे पडदे सोडून भरदिवसा अंधार करायचे, म्हणजे पक्षी पळत नाहीत. मग आमची टोळी आत शिरायची. टोळीचा मुकादम म्हणजे आडव्या अंगाचा, खरखरीत आवाजाचा, स्वतःच्या कामाचा भलता अभिमान असलेला माणूस. त्याच्या एका मुठीत चार पक्षी बसत. एकेक पाय धरायचा, चौघांना उलटं उचलायचं, दुसऱ्या मुठीत आणखी चार आणि चालू लागायचं. उलटा टांगलेला पक्षी जिवाच्या आकांतानं पंख मारतो. पंख दाराच्या चौकटीला लागतो, शेजारच्याच्या पायाला लागतो, आणि मग आवाज येतो. ओली फांदी मोडताना येतो तसा. आधी वाकते, मग सुटते. खुब्यातून पाय निखळल्याचा आवाज येत नाही. तो नुसता लांबतो.

मग माझ्या तोंडातून त्यांना आत भिरकावायचं आणि झाकण पायानं लावायचं, कारण हात पुढच्या आठांसाठी मोकळे हवेत. पायाला डोळे नसतात. कुणाचं डोकं मध्ये आलं तर झाकण नीट बसत नाही. मुकादमाला वाटायचं, बिजागरीत शेडात अंथरलेलं तूस अडकलंय. तो आणखी जोरानं दाबायचा. मग नीट बसायचं.

टोळीत मुकादमाच्या खालोखाल एक बुटका होता, जिभेनं उंच. तो म्हणायचा, “मुकादम, आपण चाळीस मिनिटांत गाडी भरतो. लग्नाची माणसंसुद्धा इतक्या पटकन गाडीत बसत नाहीत.” मुकादम खूश व्हायचा. लोक त्याचं कौतुक करत आणि ते ऐकून मीही फुगायचो. ड्रायव्हर माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचा, “हा दोनशे सतरा पक्का आहे. कितीही कोंबा, फुटत नाही.” मित्रांनो, आयुष्यात माझी झालेली स्तुती ती एवढीच. ती आठवली की अजून मला माझी लाज वाटते.

असे दिवस चालले असते. पण एका सकाळी गाडी भरून निघत होती आणि शेडाच्या दारात काहीतरी पडलेलं होतं.

ते शेड मुकादमाच्या वहिनीचं होतं. थोरला भाऊ वारल्यापासून तीच एकटी ते चालवत होती. कंपनी पिल्लं द्यायची, खाद्य द्यायची, वाढलेले पक्षी परत न्यायची, राबायचं वहिनीनं. भरण्याच्या वेळी ती सहसा घरात असायची. त्या दिवशी ती पडदे वर करायला आली आणि दारातच थांबली. मग वाकून तिनं ते उचललं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हे काय आहे?”

मुकादमानं बघितलं. “डोकं.”

“ते मलाही दिसतंय. कुणाचं?”

“कोंबडीचं, वहिनी. आणखी कुणाचं असणार?”

“आणि धड कुठाय?”

“धड गाडीत आहे,” मुकादम म्हणाला, आणि तिला धीर वाटावा म्हणून पुढे बोलला, “धड काही वाया जात नाही.”

तो माझाच पराक्रम होता. मी खालून तिसरा होतो. त्या पक्ष्याचं उरलेलं शरीर माझ्यात बराच वेळ धडपडत होतं आणि बाकीचे तेरा त्याच्यावर उभे होते. वहिनीनं ते डोकं पदरात घेतलं, शेडामागे खड्डा केला आणि पुरलं. बुटका गाडीत चढता चढता म्हणाला, “आता बाकीच्यांनाही तेराव्याची पत्रिका पाठवायला हवी.” पण कुणी हसलं नाही. मुकादमसुद्धा नाही.

पुढच्या लॉटला, म्हणजे पिल्लांच्या पुढच्या खेपेला, वहिनीनं शेड उलटंपालटं केलं. कंपनीनं दिलेल्या पिल्लांतली थोडी तिनं परत पाठवली. जागा मोकळी झाली. तूस ओलं झालं की ती ते उपसून कोरडं टाकायची. बसायला लाकडी दांड्या लावल्या, चढायला पेंढ्याचे गठ्ठे ठेवले, एका बाजूच्या पत्र्याला खिडक्या पाडल्या. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. एकजण म्हणाला, “आता गादी-उशी तेवढी राहिली.” वहिनी म्हणाली, “तुमच्याकडची जुनी असेल तर आणून द्या.” पक्ष्यांची जात मात्र कंपनीचीच, तीच घाईची. तेव्हा कितीही केलं तरी शेवटच्या आठवड्यात साठेक पक्षी लंगडू लागलेच. त्यांच्यापुढे ती पाण्याचं भांडं स्वतः सरकवायची.

आणि मग तिनं कंपनीच्या सुपरवायझरला सांगितलं, “माझ्या शेडातला पक्षी उलटा धरायचा नाही. एका वेळी एक, दोन्ही हातांत, पंख मिटून, उभा. क्रेटमध्ये टाकायचा नाही, ठेवायचा.”

हे सुपरवायझर साहेब म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि नाकाला रुमाल. काहीही विचारलं की म्हणायचे, “वर विचारावं लागेल,” आणि खरंच एकदा वर बघायचे. या वेळी मात्र ते वर न बघताच हसले.

“बाई, ती मरायलाच चाललीत. उलटी गेली काय नि सुलटी गेली काय?”

“साहेब, मरणार तर तुम्हीही आहात,” वहिनी शांतपणे म्हणाली. “म्हणून तुम्हाला कुणी पायाला धरून ऑफिसात नेत नाही.”

बुटक्याला खोकल्याची उबळ आली. साहेबांचे कान लाल झाले. ते म्हणाले, “ठीक आहे. अर्धी गाडी तुमच्या पद्धतीनं, अर्धी टोळीच्या. सगळीकडे बाराच भरायचे. कत्तलखान्यावर जनावरांच्या सरकारी डॉक्टरीणबाई असतात, त्या दोन्हीकडचे मेलेले आणि मोडलेले मोजतील. तुमचा अर्धा भाग खराब निघाला, तर पुढच्या लॉटची पिल्लं विसरा. हे शेड बंद. चांगला निघाला, तर तुमच्या शेडात तुमचा कायदा.”

वहिनीकडे दुसरं काही नव्हतं. ते शेड गेलं असतं तर तिला दिराच्या ओसरीवर जाऊन राहावं लागलं असतं, आणि तिथे सकाळ-संध्याकाळ “तुमचं ते हळू काम बरं का, वहिनी” ऐकावं लागलं असतं. ती म्हणाली, “चालेल.”

तिनं साठ क्रेटना हिरवी सुतळी बांधली. त्या साठांत मी होतो. बाकीचे साठ बिनसुतळीचे.

आता मित्रांनो, टोळीनं जे केलं ते ऐका. मी दाराशीच पडलो होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“वहिनी जिंकली,” मुकादम दबक्या आवाजात म्हणाला, “तर उद्या प्रत्येक शेडवाला म्हणेल, एकेक उचला. चाळीस मिनिटांचे दोन तास होतील. आपल्याला कोण बोलावणार?”

“मग?” बुटका म्हणाला.

“मग काय? जेवढी लंगडी, आजारी, मरतुकडी आहेत, ती निवडून हिरव्या सुतळीत भरा. तगडी आपल्याकडे. वाटेत कोण मरेल ते दिसेलच.”

“मुकादम,” बुटका म्हणाला, “तुम्ही निवडणुकीला उभे राहा.”

पडदे पडले. आधी हिरव्यांची पाळी. वहिनी दारात उभी होती, त्यामुळे हात तिच्याच पद्धतीचे लागणार होते. फसवाफसवी फक्त निवडीत. मुकादम अंधारात फिरू लागला. वाकून, डोळे बारीक करून, एकेकाची चाल बघत. हा फरफटतो, हा घे. हा एका पायावर रेलतो, हा घे. ही बसलेली उठतच नाही, हिला घे. आजवर इतकी वर्षं तो या शेडात आला, पण पक्ष्यांकडे इतकं निरखून त्यानं कधी बघितलं नव्हतं. बघायचं कारण वाईट होतं, पण बघितलं. मग दोन्ही तळव्यांत पंख दाबून तो एकेक आणायचा आणि माझ्यात ठेवायचा.

माझ्यात आजवर कुणी काही ठेवलेलं नव्हतं. मला ते काय चाललंय हेच आधी कळेना. पक्षी आत आला, पायावर उभा राहिला, पाय दुखत होता म्हणून बसला. ओरडला नाही. दुसरा आला, त्याच्याशेजारी बसला. बारा झाले तरी माझ्या तळाला रक्ताचा थेंब नव्हता. मला चुकून दुसऱ्याच कुणाच्या आयुष्यात आणून टाकल्यासारखं वाटत होतं.

तासाभरानं बिनसुतळीची पाळी आली, आणि टोळीनं अंग झाडलं. गेलेला वेळ भरून काढायचा होता. मागे उरलेले सगळे पक्षी धट्टेकट्टे होते. आणि मित्रांनो, तगडा पक्षी उलटा धरला की तगड्या ताकदीनं झाडतो. मरतुकडा लोंबकळतो, तगडा लढतो. चार-चार लढवय्ये एका मुठीत एकमेकांवर आपटू लागले. पंख चौकटीवर फुटले. जड छातीच्या वजनानं पाय खुब्यातून निसटले. एकाची मान शेजारच्याच्या नखांनी सोलली गेली. बुटका ओरडत होता, “अरे, आज ही चावतायत!” मुकादमानं एक निसटलेला पक्षी बुटानं दाबला आणि उचलला, तेव्हा त्याचा एक पंख मागेच राहिल्यासारखा जमिनीवर घासत आला. झाकणं पायांनी लागत होती. थाड, थाड, थाड. माझ्या शेजारच्या दोनशे चारमध्ये बारा पक्षी होते आणि त्यातून जो आवाज येत होता तो बारा पक्ष्यांचा नव्हता, एकाच मोठ्या जनावराचा होता.

वहिनी दारातून हलली नाही. एकदाच म्हणाली, “भाऊजी, हात बघा स्वतःचे.”

मुकादमाचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले होते. “कामाचे हात आहेत, वहिनी,” तो म्हणाला.

सतरा मिनिटं. साहेबांनी घड्याळ दाखवलं आणि अंगठा वर केला. टोळीनं टाळ्या वाजवल्या.

गाडी निघाली. वाटेत एका फाटकापाशी आम्ही अर्धा तास उन्हात थांबलो. डिझेलच्या धुराबरोबर रक्ताचा वास तापला. दोनशे चार माझ्या डोक्यावर होता. त्याच्या जाळीतून माझ्यातल्या लंगड्यांवर थेंब पडत होते. ते त्यांचं नव्हतं. वरचा आवाज हळूहळू कमी झाला. ड्रायव्हर म्हणाला, “झोपली वाटतं.” झोपली नव्हती.

कत्तलखान्याच्या धक्क्यावर दोघेजण पक्षी काढून फिरत्या साखळीच्या आकड्यांना पायांनी टांगतात. साखळी पुढे जाते. आधी पाण्याचा हौद, त्यात विजेचा झटका, म्हणजे शुद्ध हरपावी, मग पातं. जो पक्षी घाबरून मान वर उचलतो, त्याची मान पाण्याला लागतच नाही, आणि तो सगळं समजत-उमजत पात्यापर्यंत जातो. मोडलेल्या पायाचा पक्षी त्याच मोडक्या पायावर टांगला जातो. हे मी रोज बघत आलोय. यात हिरवी सुतळी काही करत नाही. आत गेलेला कुणीच परत येत नाही. मला तुम्हाला फसवायचं नाही.

डॉक्टरीणबाई पाटीवर कागद लावून उभ्या होत्या. उंच, सावकाश, चेहऱ्यावर कायम दाढदुखी असल्यासारखा भाव. मागून साहेबांची मोटार आली, तिच्यात वहिनी आणि मुकादम एकमेकांकडे न बघता बसलेले.

दोनशे चारचं झाकण उघडलं. आत पाच मेलेले. उरलेल्यांतल्या चौघांचे पंख लोंबत होते, एकाचं हाड कातड्याबाहेर आलं होतं आणि तो ते चोचीनं आत ढकलायला बघत होता. टांगणारासुद्धा तोंड फिरवून म्हणाला, “हे भरलंय की चेपलंय?”

सगळे क्रेट व्हायला दुपार झाली. डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलं. बिनसुतळीचे: मेलेले एकवीस, मोडलेले पंख सत्तराहून जास्त, निखळलेले पाय अठरा. हिरव्या सुतळीचे: मेलेले दोन, मोडलेला पंख एक.

साहेबांनी वर बघितलं. वर धक्क्याचा पत्रा होता.

“पण एक गोष्ट मला कळली नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हिरव्यांत लंगडे पक्षी साठेक आहेत. सांध्यावर जुने डाग, म्हणजे ते आधीपासूनचे. आणि बिनसुतळीच्यांत असा एकही नाही. सगळे धडधाकट होते, इथवर येईपर्यंत. ही वाटणी कुणी केली?”

बुटका आपल्या चपलेचा पट्टा तपासू लागला.

“अंधारात काय दिसतंय, मॅडम?” मुकादम म्हणाला. “हाताला लागेल तो पक्षी भरायचा. आम्हाला सगळे सारखेच.”

वहिनीला तेव्हा कळलं. मी तिचा चेहरा बघत होतो. मला वाटलं, ही आता दिराच्या कानाखाली जाळ काढणार. तिनं माझ्या झाकणावर हात ठेवला. आत एकच पक्षी उरला होता, सगळ्यात लंगडा, त्याला टांगणाऱ्यानं शेवटी ठेवला होता.

“भाऊजी,” ती म्हणाली, “साठच्या साठ शोधलेत तुम्ही. एकही सुटला नाही. मी रोज त्यांना पाणी सरकवते, तरी माझा एखादा चुकतो. तुम्ही अंधारात, एका तासात, साठ.”

मुकादमानं ओरखडलेले हात पाठीमागे नेले.

“म्हणजे दिसतं तुम्हाला. कुणाला दुखतंय, ते नीट दिसतं.”

मित्रांनो, मी माणसांना पुष्कळदा मार खाताना बघितलंय. त्या धक्क्यावर ड्रायव्हर लोकांची डोकी फुटतात. पण या वाक्यानं मुकादम जसा बसला, तसा लाथेनं कुणी बसलेला मी बघितला नाही. तो क्रेटच्या थप्पीला टेकून खालीच बसला.

“आता माझा कायदा ऐका,” वहिनी म्हणाली. “सगळे उभे जाणार. आणि लंगडी गाडीत चढणारच नाहीत. ज्याला उभं राहवत नाही, त्याला हा दोन तासांचा प्रवास कशाला? त्यांचं शेडातच करायचं. डॉक्टरीणबाई दाखवतील, एका झटक्यात कसं होतं ते. आणि ते तुम्ही करायचं. नजर तुमचीच चांगली आहे.”

“मी?” मुकादम म्हणाला.

“हो. का? रोज हजार मारता की.”

पुढचा लॉट आला. साहेबांनी वर विचारलं होतं, आणि वरून पिल्लं थोडी कमी आणि थोड्या सावकाश वाढणाऱ्या जातीची आली. वरच्यांना मेलेल्यांचा आकडा आवडला नव्हता, एवढाच त्यांचा हृदयपालट. तरी लंगडे झालेच. या वेळी सातच.

भरायच्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी कापडाच्या बाहुल्यावर दाखवलं. एक हात पायांवर, दुसऱ्या हाताची बोटं डोक्यामागे, मान एकदम खाली ओढायची, आणि थांबायचं नाही. मुकादम शेडात गेला आणि पहिल्या लंगड्याला दोन्ही तळव्यांत उचलून बाहेर आला. उजेडात. वहिनीनं पडदे मुद्दाम वर ठेवले होते.

तो तसाच उभा राहिला.

“उरका, मुकादम,” बुटका म्हणाला. “आपल्या हातून काय थोडी मेलीत?”

“ती मेली,” मुकादम म्हणाला. “ही मला मारायची आहे.” मग, “हिचं काळीज तळहाताला लागतंय रे.”

त्यानं केलं, पण हात आखडला. मान अर्धी ताणली गेली, आणि जो आवाज आला तो सगळ्या शेडानं ऐकला. पक्षी त्याच्या हातात उलटासुलटा झाला, डोळा बाहेर आल्यासारखा, पाय हवेत कुणाला तरी लाथा मारत. मुकादम ओरडला. पक्ष्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. हजारो माना ज्याच्या टाचेखाली गेल्या, तो बाप्या ‘वहिनी, वहिनी’ करत होता.

वहिनीनं त्याच्या मुठीवर आपली मूठ घट्ट बसवली. “सोडायचं नाही, भाऊजी. अर्ध्यावर सोडणं ही माया नाही. ओढा.”

ओढलं. झालं. उरलेले सहा त्यानं एकट्यानं केले, प्रत्येक वेळी थांबून, मग न थांबता. सातव्यानंतर त्यानं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मग टोळीला म्हणाला, “चला. एकेक. दोन्ही हात. ज्यानं उलटा धरला त्याला मी उलटा धरीन.” बुटक्यानं मुकादमाकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले.

गाडी भरायला दोन तास आणि दहा मिनिटं लागली. पुढच्या शेडवाल्यानं तक्रार केली, एवढा वेळ का? मुकादम म्हणाला, “घाई असेल तर दुसरी टोळी बघा.” त्यानं खरंच दुसरी बघितली. मग दोन लॉटनंतर मोडलेल्यांचा आकडा घेऊन तोच परत आला, आणि मुकादमानं त्याला दारात अर्धा तास उभं ठेवलं. माणूस सुधारला म्हणजे गोड होतो असं नाही.

माझा तळ आता फुटलाय. गाडीवरून मला काढलंय. माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. मला कुठेच दुखत नाही, आणि या धंद्यात ही मोठी चैन आहे. मला धुऊन, पुसून, सावलीत ठेवा, असं मी सांगणार नाही. माझं काही शिल्लक नाही. मागणं दुसऱ्यांसाठी आहे, आणि त्या दुसऱ्यांना तुम्ही बहुधा खाणारच आहात. खा किंवा खाऊ नका, ते तुमचं तुम्ही घरी ठरवा.

फक्त दुकानात जाल तेव्हा विचारा, “ही कशी आली?” तो म्हणेल, “गाडीनं.” मग विचारा, “गाडीत कशी चढली?” तो हसेल. हसू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. रोज तेच विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला माणूस फार लवकर कंटाळतो. कंटाळला की तो गाडीवाल्याला विचारेल, गाडीवाला कंपनीला, कंपनी कुठल्यातरी मुकादमाला. मुकादम म्हणेल, मला काय माहीत?

त्याला माहीत असतं, मित्रांनो. त्याच्या तळहाताला लागतं ते.